इटलीची वाइन, जुन्नरची वाट आणि आपलं ताट



जानेवारी ते मार्च म्हणजे आपल्याकडे द्राक्षं काढायचा हंगाम. जुन्नर, बारामती, इंदापूर आणि पुढे अकलूजच्या बाजूला आपल्यातल्या कितीतरी जणी या दिवसांत सकाळीच कात्री घेऊन बागेत जातात. खायच्या द्राक्षाची बाग आणि वाइनच्या द्राक्षाची बाग वेगळी असते, हे त्यांना सांगायला नको. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं. ते पाटीत भरून जातं आणि पुन्हा आपल्याला दिसत नाही. ते कुठं जातं, त्याचं काय होतं, ते पिणारे लोक त्यासोबत काय खातात, हे आजच्या भाषणात सांगणार आहे.

बायकांच्या कार्यक्रमात वाइनचा विषय कशाला, असं कुणाच्या मनात येईल. ते बरोबरच आहे. दारूनं आपल्या किती घरांची राखरांगोळी केली, हे गटाच्या बैठकीत आपण ऐकतोच. म्हणून आधीच सांगते, वाइन प्या असं मी सांगत नाही. वाइन हीसुद्धा दारूच. तिच्यात साधारण 11 ते 14 टक्के अल्कोहोल असतं. ती हृदयाला चांगली, असंही काही जण सांगतात. पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. पोटुशा बाईनं तर तिला हातही लावू नये. पण ज्या पिकात आपले हात राबतात, त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक असायला हवा. आपल्या वाट्याला काय आलं आणि काय येऊ शकतं, हे त्यातून कळतं.

तर गोष्ट सुरू होते दोन हजार वर्षांपूर्वी, आपल्याच जुन्नरच्या वाटेवर.

तेव्हा इथं सातवाहनांचं राज्य होतं. त्यांची एक मोठी नगरी पैठण. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि तिथून पुढं घाटमाथ्यावर जायचा. नाणेघाटातल्या गुहेत ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो. म्हणजे या व्यापारी वाटेच्या तोंडावर एका बाईचं नाव कोरलेलं आहे. घाटाच्या वर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

त्या काळी रोमचे व्यापारी पावसाळी वाऱ्यांचा अंदाज घेऊन अरबी समुद्र ओलांडायचे. त्यांच्यातल्या कुणा एका दर्यावर्दी माणसानं ग्रीक भाषेत एक माहितीवजा पुस्तक लिहून ठेवलंय. त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. कुठल्या बंदरात काय विकलं जातं आणि काय विकत मिळतं, याची ती यादीच आहे. त्यात भडोच बंदराच्या यादीत लिहिलंय, की इथं वाइन खपते, आणि त्यातही इटलीची जास्त. पुढं राजासाठी काय न्यावं, तेही लिहिलंय. चांदीची भांडी, गाणारी मुलं, अंतःपुरासाठी देखण्या मुली आणि उंची वाइन. मैत्रिणींनो, मुली आणि वाइन एकाच यादीत! व्यापाऱ्याच्या लेखी दोन्ही मालच.

बदल्यात आपल्याकडून काय जायचं, तेही त्यात आहे. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड, आणि तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाहून सुती कापड, तलम मलमल. हे कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं. त्याचं सूत कातणारे हात बहुतेक बायकांचेच असणार. आपल्या सुताच्या बदल्यात वाइन आली, पण ती राजाच्या आणि श्रीमंतांच्या ताटापर्यंतच पोचली.

ही वाइन यायची उंच मातीच्या रांजणांतून. त्यांना दोन कान असायचे आणि ते खाली निमुळते व्हायचे. एका रांजणात सुमारे 26 लिटर, म्हणजे साधारण दोन हंडे माल मावायचा. झिरपू नये म्हणून आतून झाडाच्या डिंकासारख्या रसाचा लेप दिलेला असायचा. अशा रांजणांचे तुकडे नेवाशात आणि घारापुरीला सापडलेत. नेवाशाचं उत्खनन आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली 1954 ते 1956 या काळात केलं. असे सगळेच तुकडे इटलीचे नाहीत, काही इराणच्या आखाताकडचे आहेत, असं अभ्यासक सांगतात. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आणि कांस्याची भांडी मिळाली. ती मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कधी सहल गेली तर बघा.

जुन्नरच्या लेण्यांत आणखी एक छोटा लेख आहे. चिट नावाच्या यवनानं, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या माणसानं, बौद्ध भिक्खूंच्या संघाला भोजनमंडप दान दिला, असं त्यात कोरलंय. परदेशातून आलेल्या माणसानं या मातीत आपलं नाव ठेवलं ते जेवणाच्या जागेवर, हे मला फार आवडतं.

आता जरा समुद्रापलीकडे रोमकडे जाऊ. तिथं प्लिनी नावाचा लेखक होता. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात तो गेला. त्यानं तक्रार करून ठेवलीय, की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्याचे पाच कोटी ‘सेस्टर्स’ खाऊन टाकतो. सेस्टर्स हे त्यांचं नाणं. दुसऱ्या जागी त्यानं पूर्वेकडच्या सगळ्या व्यापाराचा खर्च दहा कोटी सांगितला आणि वर म्हटलं, की आपली चैन आणि आपल्या बायका आपल्याला एवढ्याला पडतात. साम्राज्याचा तोटा झाला तरी बोल बायकांना!

याच प्लिनीनं जुन्या रोममधली एक प्रथाही सांगितलीय. बायकांना वाइन प्यायला बंदी होती. बाई प्यायली की नाही हे कळावं म्हणून नात्यातले पुरुष तिच्या तोंडाचा वास घ्यायचे. पिंपातली वाइन प्यायली म्हणून एकानं बायकोला काठीनं मारून टाकलं आणि राजानं त्याला निर्दोष सोडलं, अशी एक जुनी कथाही तो देतो. पुरुषानं प्यायची आणि बाईनं मार खायचा, हे आपल्याला ऐकून माहीत आहे. तिथं तर बाईनं प्यायली तरी मार तिनंच खाल्ला.

पुढं इटलीत वाइन सामान्य घरात आली ती जेवणाबरोबरची गोष्ट म्हणून. तिथं प्रत्येक मुलखाची वाइन वेगळी, कारण प्रत्येक मुलखाची माती आणि चूल वेगळी. उत्तरेकडचा पिडमाँट भाग थंड. तिथं लोणी, मांस आणि अळंबी जास्त खातात. तिथली लाल वाइन ‘बारोलो’ तुरट आणि जड असते. मध्य इटलीत टस्कनी आहे. तिथल्या लोकांना बाकीचे इटालियन चेष्टेनं ‘घेवडेखाऊ’ म्हणतात, इतकी तिथं घेवड्याची उसळ चालते. शिळा पाव आणि घेवडा घालून केलेलं दाटसर सूप हे तिथलं गरिबाचं जेवण. आपण शिळ्या भाकरीचा काला करतो, तसंच ते. त्यांच्याबरोबर असते ‘सांजोवेझे’ या द्राक्षाची आंबटसर लाल वाइन. किनाऱ्यावर मासे असतात, म्हणून तिथं हलकी पांढरी वाइन घेतात. कुठल्या पदार्थाला कुठली वाइन, हे तिथं आधी कुणा तज्ज्ञानं ठरवलं नाही. जे शेजारी पिकलं, ते शेजारी बसून खाल्लं आणि ते जुळलं.

लाल आणि पांढरी यांतला फरकही सोपा आहे. बहुतेक द्राक्षांचा रस पांढुरकाच असतो, रंग असतो सालीत. सालीसकट रस आंबवला की लाल वाइन. आधी पिळून, साल काढून आंबवला की पांढरी. इडलीचं पीठ फुगतं तसंच इथंही सूक्ष्म जीव काम करतात आणि साखरेची दारू होते. आपल्या आयुर्वेदातलं द्राक्षासवही असंच आंबवून करतात.

या इटलीच्या वाइनमागे बायका कुठं होत्या? दोन ठिकाणी त्या स्पष्ट दिसतात. एक होती ज्युलिया दी बारोलो, तूरिन शहरातली जमीनदारीण. बारोलो वाइनला आजचं रूप आणि नाव मिळालं, त्यात तिचा मोठा वाटा मानतात. पण तूरिनमध्ये तिची आठवण दुसऱ्याच कामासाठी काढतात. तुरुंगातल्या बायकांची दशा बघून ती तिथं जायला लागली, त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, गरीब मुलींसाठी शाळा काढल्या. ती 1864 मध्ये वारली.

दुसऱ्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. टस्कनीची ‘क्यांती’ वाइन पूर्वी गवताच्या वेष्टणातल्या गोल बाटलीतून यायची. बाटली फुटू नये म्हणून ते गवत तिच्याभोवती विणायचं काम तिथल्या बायका घरबसल्या करायच्या, नगावर पैसे मिळायचे. त्यांना ‘फियास्काये’ म्हणत. आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायकांचं असतं, तसंच ते काम. शेताचीही तीच तऱ्हा. टस्कनीत शेकडो वर्षं जमीन अर्धलीनं कसली जायची. निम्मं पीक मालकाला, निम्मं राबणाऱ्या कुटुंबाला. चांगली वाइन मालकाच्या तळघरात जायची. पिळून उरलेल्या चोथ्यात पाणी घालून केलेली पातळ वाइन कुळाच्या घरात राहायची. असे नवे करार करायला इटलीच्या सरकारनं 1964 मध्ये बंदी घातली.

आता परत आपल्या मुलखात येऊ. नव्या काळातली वाइन आपल्याकडे सुरू झाली तीही जुन्नर तालुक्यातच, नारायणगावला. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या जाणकारांची मदत घेऊन तिथं फसफसणारी वाइन काढली. ‘ओमर खय्याम’ या नावानं ती परदेशात विकली गेली. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या वाटेनं परदेशी माल वर चढायचा, तिथूनच आता आपला माल बाहेर जायला लागला. 1990 च्या दशकाच्या शेवटी नाशिकला राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या. नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीच्या पलूसला वाइन पार्क उभे राहिले.

मग इटली थेट सोलापूर जिल्ह्यात आली. अकलूजला 2007 च्या सुमारास ‘फ्रातेल्ली’ ही कंपनी निघाली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. तीन ठिकाणचे भाऊ त्यात एकत्र आले. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाइन करायला टस्कनीहून पिएरो मासी नावाचे अनुभवी जाणकार आले. टस्कनीचं सांजोवेझे द्राक्ष माळशिरस तालुक्याच्या माळावर रुजलं. इटलीत द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि उन्हं तापायच्या आत काढणी. तोच वेल इथं आमच्या पंचांगानं चालायला शिकला.

पण हा धंदा सरळ चढत गेला नाही, हेही ऐका. 2008 नंतर मंदी आली, वाइन पडून राहिली, कारखान्यांनी माल उचलला नाही. नाशिकच्या बाजूला शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटून टाकले. नारायणगावची ती पहिली कंपनीही 2010 च्या सुमारास कर्जात अडकली. वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन पाटीवर विकता येत नाही, कारखान्यानं घेतलं तरच पैसा. म्हणून कुठल्याही कंपनीशी करार करताना भाव, तारीख आणि माल नाकारला तर काय, हे कागदावर असायलाच हवं. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव आहे, त्या बायांनी सही करण्याआधी तो कागद वाचून घ्यावा.

आता ताटाकडे वळते, कारण आपला खरा विषय इथं आहे. इटलीत वाइन ताटाबरोबर वाढली. आपल्याकडे ती ताटाशिवाय आली. आपल्या गावात दारू म्हणजे रिकाम्या पोटी, घराबाहेर, अंधारात प्यायची गोष्ट. आता शहरातली माणसं वाइनचे मळे बघायला येतात आणि त्यांना जेवायला लागतं. तिथं बरेचदा पास्ता आणि पिझ्झा मिळतो. आपली भाकरी आणि भरलं वांगं कोपऱ्यात राहतं.

काय कशाबरोबर जुळतं, याचे नियम आपल्या चहावरून समजतात. कोरा चहा जीभ आवळतो, दूध घातलं की तुरटपणा जातो. लाल वाइनचा तुरटपणाही असाच. तूप, तेल, शेंगदाणा, तीळ, मटण असलं की तो मऊ होतो. म्हणून शेंगदाण्याचं कूट घातलेलं भरलं वांगं किंवा बेताचं तिखट सुकं मटण आणि बाजरीची भाकरी यांच्याशी सांजोवेझेसारखी लाल वाइन जुळते. तीच वाइन ठेच्याबरोबर किंवा कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर घेतली, तर तोंडाची आग होते, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तिखट वाढवतात. तिखटाला थोडी गोडसर, थंड पांढरी वाइन बरी. तळलेली सुरमई किंवा कोथिंबीर वडी यांना आंबटसर पांढरी, आपण लिंबू पिळतो ना, तेच काम ती करते. माशाबरोबर तुरट लाल वाइन लोखंडासारखी लागते. अळूवडीत गूळ-चिंच असते, तिला गोडसर पांढरी. पुरणपोळीबरोबर कोरडी वाइन नुसती आंबट लागते, तिथं तूपच खरं. आणि ‘आपलं अस्सल जेवण’ कधी बदलत नाही, असंही समजू नका. इटलीचा टोमॅटो आणि आपली मिरची दोन्ही अमेरिकेतून समुद्रावरून आल्या.

हे सगळं चाखून बघायची गरज नाही. तुरट, आंबट, तिखट, तुपट हे ज्ञान आपल्या हातात आईकडून आलंय. एखाद्या गटाला वाइनच्या मळ्याजवळ जेवणाचं काम घ्यायचं असेल, तर जेवण आपलं ठेवा, अन्न परवाना काढा, ताटाचा दर आधी ठरवा. वाइन मात्र आपण वाढायची नाही, विकायची नाही. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

द्राक्षातून पैसा काढायला वाइन हा एकच रस्ता नाही. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुजाता तेताली यांनी ‘एआरआय-516’ या द्राक्षाच्या वाणावर काम केलंय. बुरशीला तो चांगला तोंड देतो आणि रस, जॅम, बेदाणा, वाइन अशा सगळ्याला चालतो. रस आणि जॅम तर आपल्या गटालाही जमण्यासारखे आहेत.

शेवटी एक हक्काची गोष्ट. 27 जानेवारी 2022 ला राज्याच्या मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याचा फायदा होईल, असं सरकारचं म्हणणं होतं. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, बायकांच्या संघटनांनीही आवाज उठवला. शेतकऱ्याचा फायदा आणि घरातली शांतता, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. त्यामुळं हा निर्णय कुणी आपल्या वतीनं घेऊ नये. दारूच्या दुकानासाठी गावात आडव्या-उभ्या बाटलीचं मतदान घ्यायचा हक्क आपल्याला आहे आणि मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दुकान बंद होतं. हे मत हातात ठेवा.

तेव्हा पुढच्या बैठकीत गटात तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावातल्या द्राक्षाच्या बागेत बाईची मजुरी आणि गड्याची मजुरी सारखी आहे का? कंपनीशी केलेला करार घरातल्या बाईनं वाचलाय का? आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांच्या ताटात आपल्या हातचं काही आहे का? उत्तरं आमच्या केंद्राला कळवा, पुढच्या कार्यक्रमात ती वाचून दाखवू.